वाडीत राहायचं, गोव्यात कामाला जायचं

या महिन्याच्या टपालात सावंतवाडीबद्दलची, म्हणजे आमच्या वाडीबद्दलची, तीन पत्रं निघाली. एक डोंबिवलीचं, एक पुण्याचं आणि एक बोरिवलीहून, पण मुळात वाडीतल्याच मुलीचं. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवून ही तिन्ही एकत्र घेते. माझं सासर वाडीतलं, माठेवाड्यातलं. तिथे राहून मी कित्येक वर्षं म्हापशाजवळच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम केलं. तेव्हा पुढे लिहिते ते ऐकीव नाही.

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याला म्हापशाजवळ औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आहे. गोव्यातली घरभाडी आम्हाला परवडत नाहीत. त्यांच्या ऑफिसातले काहीजण सावंतवाडीहून रोज ये-जा करतात, म्हणून आम्हीही जाऊन जागा पाहून आलो. एक जुना फ्लॅट, बाजाराच्या अगदी जवळ, दुसऱ्या मजल्यावर. दुसरा गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला लागून नवा बंगला. खिडकी उघडली की समोर फक्त हिरवं. आमचं मन बंगल्यावर बसलं आहे. मुलगी यंदा पहिलीत जाईल. सासूबाईंना दमा आहे. रोजचं जाणं-येणं जमेल का आणि जागा कोणती घ्यावी? (डोंबिवली)

उत्तर : जाणं-येणं जमतं. वाडीतली, बांद्यातली, दोडामार्गातली कितीतरी मुलं-मुली रोज सकाळी पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात कामाला जातात. वाडीहून निघालात की इन्सुलीचा छोटा घाट उतरून बारा-तेरा किलोमीटरवर बांदा, मग पत्रादेवी, पेडणे, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. सगळं मिळून सुमारे ४५ किलोमीटर. पणजी ६०च्या आसपास. तासाभराचा रस्ता. डोंबिवलीहून फोर्टात जाणाऱ्या माणसाला तासाचं काय सांगायचं! पण तिथे तुमच्यामागे लोकल असते, ती इथे नाही, हे आधी नीट समजून घ्या.

रेल्वे आहे, पण ती रोजच्या नोकरीला फारशी कामाची नाही. सावंतवाडी रोड हे स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. गावातून आठेक किलोमीटर, मध्ये मळगावचा घाट. गाड्या म्हापशाजवळच्या थिवीला थांबतात, पण ऑफिसच्या वेळा धरून धावणाऱ्या नाहीत. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं. जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी घुसलं आणि गाड्या थांबल्या, काही वळवल्या. मुंबईला जायला-यायला रेल्वे उत्तम, कामावर जायला रस्ता.

रस्त्याने जाताना दुचाकी ऑक्टोबर ते मे ठेवा. जून ते सप्टेंबर नवऱ्याला दुचाकीवर पाठवू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. इन्सुलीच्या वळणांवर पावसात समोरचा दिवा दिसत नाही. तेरेखोल नदीला पूर आला की बांद्याची बाजारपेठ पाण्यात जाते. संध्याकाळी परतताना रस्त्यावर गवा उभा असणं ही डोंगराकडच्या भागात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आम्ही चौघींनी मिळून एक गाडी ठरवली होती. ड्रायव्हर बांद्याचा, रोज ठरल्या वेळी गांधी चौकात हजर. खर्च वाटला जायचा आणि घरी उशीर झाला तर चौघींच्या घरी एकदम कळायचं. ऑफिसातले जे काहीजण येतात म्हणता, त्यांच्यात जागा आहे का ते घर ठरवण्याआधी विचारा. कदंबाच्या (गोवा सरकारच्या) आणि एसटीच्या गाड्याही आहेत. पेट्रोल गोव्यात स्वस्त पडतं, त्यामुळे टाकी तिकडेच भरायची, हे पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सगळे सांगतील.

दोन राज्यांत एक संसार करताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. नोकरी खासगी असेल तर काही अडत नाही. पण पुढे गोव्यातल्या सरकारी नोकरीचा विचार असेल, तर तिथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. वाडीत राहून तो मिळणार नाही. मुलगी वाडीत शिकली की ती महाराष्ट्राची विद्यार्थिनी. शाळांची काळजी करू नका. कळसुलकर, आरपीडी, मिलाग्रिस, सगळ्या जुन्या आणि गावातल्या गावात. मोठं आजारपण आलं तर मात्र सिंधुदुर्गातली माणसं बांबोळी गाठतात. गोवा मेडिकल कॉलेजचं ते रुग्णालय पणजीच्या पुढे आहे. सासूबाईंना दमा आहे म्हणून हे अंतर आत्ताच मनात धरा, आणि गावातला एक डॉक्टर पहिल्याच महिन्यात त्यांच्या ओळखीचा करून ठेवा.

आता जागा. मी बाजाराजवळचा फ्लॅट घ्या म्हणेन.

तुम्ही बंगला पाहिलात तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत वाडीचा डोंगर पाहून कोणाचंही मन जाईल. पण समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात आणि तिथेच रिते होतात. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. खाली वाडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तोही मुंबईहून कितीतरी जास्त. डोंगराला जितकं चिकटून राहाल तितका पाऊस लवकर येतो आणि उशिरा जातो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "वाडीत पाऊस पडणा नाय, ऱ्हवाक येता." (पडत नाही, राहायला येतो.) जुलैत पायथ्याच्या घरात कपडे सुकत नाहीत, भिंतीच्या आतल्या अंगाला बुरशी धरते, गाद्यांना वास येतो. झाड पडलं की लाईट जाते आणि गावातली आली तरी तुमची येत नाही. दम्याच्या माणसाला ओल किती सोसते, हे सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा आणि मगच बंगल्याच्या टेरेसचा विचार करा.

आणखी एक गोष्ट जाऊन पाहा. बंगल्याची जागा सपाट करताना मागचा डोंगर कापला आहे का? जांभ्याच्या आणि लाल मातीच्या उतारावर उभा छेद घेतला की पावसात त्यातून झरे फुटतात, आणि माती सुटायला लागली की साधी भिंत तिला धरून ठेवत नाही. कुंपणाच्या कडेने उन्हाळ्यात कोरडा दिसणारा व्हाळ (ओढा) आहे का? तो कुठे वळवला आहे का? विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या जुन्या घरातल्या माणसाला विचारा. कुठून पाणी येतं हे त्याला पाठ असतं. पायथ्यालगतची झाडं काढून उतार सपाट करणारी घरं वाढताहेत, याचा मला मनापासून त्रास होतो. ज्या हिरव्यासाठी माणसं येतात तेच हिरवं पहिल्यांदा तोडलं जातं, आणि ते पाणी मग खालच्या वाड्यांमधून वाट काढतं.

आणि सासूबाईंचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मुलगा सकाळी गाडी घेऊन गेला. नात शाळेत. तुम्ही एकतर घरात किंवा कामाला. गावाबाहेरच्या बंगल्यात चार महिने पावसाकडे बघत त्या बसतील. बाजाराजवळ राहिलात तर त्या मोती तलावाच्या कडेने संध्याकाळी चालतील, कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं असेल, दोन दिवसांत त्यांचं माहेर-सासर विचारून होईल. मंगळवारी आठवड्याचा बाजार भरतो. पावसाळ्यात आसपासच्या गावांतल्या बायका टाकळा, कुर्डू, फागलं, अळंबी घेऊन बसतात. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारपणापर्यंत तो बाजार चुकवत नसत. पिशवी घरी आणायची आम्ही, पण भाजी निवडायची त्यांनीच. हे गाव चालत जगायचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा नवा चौपदरी रस्ता झाराप ते पत्रादेवी असा गाव बाजूला ठेवून गेला. तेव्हा काही दुकानदारांच्या पोटात गोळा आला होता. पण त्यामुळे ट्रक गेले आणि तलावाकाठचं चालणं पुन्हा म्हाताऱ्यांच्या हाती आलं.

दुसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी बघा. वरच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे का (नसेल तर स्लॅब गळणारच), आणि पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीला कपाटं लावली आहेत का. ती भिंत मोकळी ठेवायची. विकत घेण्याची घाई नको. आधी एक पावसाळा भाड्याने राहा. ऑगस्ट निभावला तर वाडी तुमची.

एकदा सुटीच्या दिवशी मुलीला घेऊन पत्रादेवीला थांबा. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही तिथून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. बाबा रोज जिथून कामाला जातात ती परक्या देशाची हद्द होती, हे तिला ठाऊक असावं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. समुद्रकिनारे पुष्कळ झाले. तीन दिवस सावंतवाडीत राहावं म्हणतो. स्वतःची गाडी नाही. काय बघावं आणि कधी यावं? (पुणे)

उत्तर : नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत या. पावसाची हौस असेल आणि गुडघे साथ देत असतील तर ऑगस्टचा शेवट. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली असं एसटीने उतरता येतं. दिवसाउजेडी घाट उतराल अशी गाडी धरा.

मुक्काम मोती तलावाजवळच करा. राजवाडा तलावाच्या काठावरच आहे. तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३च्या दरम्यान, तो बांधला गेला. दुपारी मध्ये बंद असतो, म्हणून सकाळीच जा. दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले दिसतील. तिथे वेळ काढा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, असा १२० पत्त्यांचा जोड. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. एके काळी ही कला जाणणारा एकच वयोवृद्ध चितारी वाडीत उरला होता. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच इतरांना शिकवायची सोय केली. संस्थान विलीन झाल्यावर राजवाड्याचं काय करायचं, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मी कुठे पाहिलेलं नाही. कारागिराशी बोला. लाखेचा थर कसा चढतो, कुंचला किती बारीक, हे ते हौसेने दाखवतात. एखादा जोड घेतलात तर घासाघीस करू नका. एका जोडामागे किती दिवसांचं बसणं असतं ते समोर दिसतंच.

तिथून चितारआळीत चालत जा. लाकडी फळं-भाज्या, पाट, बाहुल्या, भातुकली. जुन्या कामाला पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत, आता आंब्याचं आणि इतरही असतं. हल्ली यंत्रावरची, बाहेरून आलेली खेळणीही त्याच दुकानांत शेजारी मांडलेली असतात. "इथे रंगवलेलं कोणतं?" असं विचारलं की दुकानदार वेगळं काढून देतो. नातवंडांसाठी भाज्यांची टोपली घ्या. वांग्याचं देठ आणि मिरचीचा बाक बघण्यासारखा असतो. तुमच्या तीन दिवसांत मंगळवार येईल असं बघा.

आंबोली ३० किलोमीटर, उंची सुमारे ६९० मीटर. बेळगावकडे जाणारी एसटी पकडा. वाटेत दाणोलीला साटम महाराजांची समाधी लागते. आंबोलीत सगळे धबधब्याकडे धावतात. तुम्ही हिरण्यकेशीला जा. नदी गुहेतून उगम पावते आणि पूर्वेला, घाटापलीकडे वाहत जाते. तिथल्या पाण्यातला एक छोटा मासा २०२०मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी असं त्याचं नाव. २०२१मध्ये सरकारने ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. त्या पाण्यात साबण, शाम्पू, निर्माल्य, काही म्हणजे काही जाऊ देऊ नका, आणि दुसरं कोणी टाकत असेल तर तुमच्या वयाचा मान वापरून त्याला थांबवा. रविवार टाळा. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, बाटल्या फुटतात, आणि त्या काचांवर गुरं चालतात.

तिसऱ्या दिवशी काहीही बघू नका. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खा, तलावाला एक फेरी मारा, उभ्या बाजारातून कोकम आणि आगूळ (कोकमाचा खारवलेला रस) घ्या.

प्रश्न : काकू, आमचं घर सालईवाड्यात आहे, आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं आणि कौलारू. आजी गेल्यापासून बंद आहे. आम्ही सगळे बोरिवली-ठाण्यात. काकांना ते विकायचंय. गिऱ्हाईक पाडून तिथे हॉटेल बांधणार म्हणतो. दोडामार्गाकडे थोडी काजूची बागही आहे. मला घर सोडवत नाही, पण कारण सांगता येत नाही. ठेवावं का? (बोरिवली)

उत्तर : ठेव. सोडवत नाही याला निराळं कारण लागत नाही. पण ठेवायचं तर कामाला लागावं लागेल.

आधी कागद. घर नगरपालिकेच्या हद्दीत आहे, तेव्हा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढ. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. काका एकटे ते विकू शकत नाहीत, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यात तुझ्या आत्याही आल्या. कोकणात आत्यांची नावं हळूच गाळण्याची रीत फार जुनी आहे. तू तसं होऊ देऊ नकोस. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आत्यांना फोन कर. घर राहावं असं वाटणारं आणखी कोणी त्यांच्यातच निघेल.

काजूच्या बागेचा सातबारा आणि जुने फेरफार वेगळे काढ. आपल्या जिल्ह्यात सातबारावर सामाईक हिस्सेदारांची लांबलचक यादी असते, कुठे कुळाचं नाव असतं, कुठे आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) किंवा वनसंज्ञेचा (वन म्हणून नोंदलेल्या जमिनीचा) शेरा. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावकऱ्यांनी कबुलायत करून सामाईक कसलेल्या जमिनींचा) प्रश्न किती पिढ्या चालला आहे हे तू ऐकलंच असशील. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, तेव्हा मुंबईचा कोणी "लगेच घेतो" म्हणाला तर त्याच्याकडून इसार घेऊ देऊ नकोस. बागेत जाशील तेव्हा, विशेषतः जानेवारी ते मे, अंगभर कपडे घालून जा. त्या पट्ट्यात गोचिडीमुळे होणारा माकडताप आलेला आहे. मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला लगेच कळव.

आता घर. चिऱ्याच्या भिंतींना काही होत नाही, बंद घर छपरापासून मरतं. एक कौल सरकतं, एका जागी पाणी मुरतं, तिथे रिपेला वाळवी लागते, ती वाशावर चढते आणि तिसऱ्या पावसात छप्पर वाकतं. म्हणून घरात माणूस हवं. हॉटेल नको आणि होमस्टेही माझ्या मते नको. होमस्टे चालवायला तिथे राहावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्याच्या हाती जातो. हंगामात चार महिने पाहुणे, उरलेले आठ महिने कुलूप. त्याऐवजी भाडेकरू ठेव. या अंकातलं पहिलं पत्र वाच. अशी कुटुंबं वाडीत जागा शोधत फिरतात आणि त्यांना दाखवलं जातं काय, तर डोंगर कापून काढलेला प्लॉट. तिकडे सालईवाड्यात, भटवाडीत, खासकीलवाड्यात भल्या मजबूत घरांना कुलपं आहेत. एक दार उघडलं तरी आळीत एक शाळेत जाणारं मूल येतं, दुकानाला एक गिऱ्हाईक, चतुर्थीला एक घर जास्त. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार कर. भाडं थोडं कमी धर, पण दरवर्षी पावसाआधी छप्पर बघून घेण्याची अट करारात लिही आणि तो खर्च तुमचा ठेव. देवघराची खोली आणि माळा तुमच्याकडे राहू दे, म्हणजे चतुर्थीला तुम्हाला यायला जागा उरेल.

काकांना बोलावून हिशेब मांड. विकून आलेले पैसे सगळ्या वारसांत वाटल्यावर प्रत्येकाच्या हाती काय पडेल, आणि भाड्यातून घरपट्टी व डागडुजी वजा जाता वर्षाला काय उरेल. कागदावर दोन्ही आकडे समोरासमोर आले की बरेचसे वाद तिथेच खाली बसतात.

कौलं परतायला माणसं मेमध्ये मिळत नाहीत, तेव्हा सगळ्या गावाला एकदम छप्पर आठवतं. शिमग्यालाच सुताराला सांगून ठेव, पाटल्या-वासे किती बदलावे लागतील ते त्याच्याकडून लिहून घे, आणि आगाऊ पैसे देताना घरी कोणीतरी हजर राहा. मुंबईहून मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी धरलीस तर दुपारपर्यंत मळगावला उतरशील. किल्ली शेजाऱ्यांकडेच असेल ना?